फायनलची तिकीटविक्री कधी उघडायची?

आपल्या कोल्हापुरात फुटबॉलची टुर्नामेंट ठरली की मंडळाच्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतंच, तिकिटं आत्ताच काढूया, पैसे हातात येतील, मंडपवाल्याला अॅडव्हान्स देता येईल. भावांनो, हे करू नका. आधी मैदानाची तारीख लेखी मिळू दे, पोलिस परवानगी येऊ दे, गॅलरीत खरोखर माणसं किती बसतात तो आकडा ठरू दे, मगच तिकीट छापायला टाका.

आम्ही एका वर्षी घाई केली. दहा दिवस आधी तिकिटं वाटली, मग बंदोबस्ताच्या अडचणीनं मॅच दोन दिवस पुढं गेली आणि रोज संध्याकाळी पोरं दारात, पैसे परत द्या म्हणून, आणि कुणाला किती दिली याची वहीसुद्धा नीट नव्हती. लोकांचा विश्वास जातो ओ, पैशापेक्षा त्याचं जास्त वाईट वाटतं.

मोठ्या स्पर्धांतपण हे होतंच. 2023 च्या क्रिकेट वर्ल्डकपचं वेळापत्रक 27 जूनला आलं आणि 9 ऑगस्टला नऊ मॅचच्या तारखा बदलल्या, भारत-पाकिस्तानसुद्धा 15 ऑक्टोबरची 14 ला आली. तिकीटविक्री सुरू झाली 25 ऑगस्टला, म्हणजे बदल झाल्यावर, त्यामुळं निदान जुन्या तारखेच्या तिकिटांचा घोळ टळला, पण लॉज आणि रेल्वे आधीच बुक केलेल्यांचे हाल झाले. पुण्यात गहुंजेला 19 ऑक्टोबरला भारत-बांगलादेश होती, तिची विक्री 31 ऑगस्टला उघडली, सात आठवडे आधी. बाहेरगावचं पब्लिक येणार असेल तर एवढा वेळ लागतोच, सुट्टी टाकायची, गाडी ठरवायची, राहायचं बघायचं.

आपल्या शाहू स्टेडियमवरच्या मॅचला हा हिशोब लागू नाही. इथं पेठेतला माणूस चालत येतो आणि फायनलला कोण आलंय हे कळल्याशिवाय खिशात हात घालत नाही. पाटाकडील आणि शिवाजी तरुण हे संघ समोरासमोर आले तर गर्दीचा रंगच वेगळा, हे काय सांगायला पाहिजे का. म्हणून दुसरी सेमीफायनल संपली की दुसऱ्या दिवशी विक्री उघडायची, आणि त्यासाठी सेमी आणि फायनलमध्ये चार-पाच दिवसांचं अंतर वेळापत्रक करतानाच सोडायचं. हेच लोक विसरतात, सेमी शुक्रवारी आणि फायनल रविवारी ठेवतात आणि मग गेटवर रेटारेटी. अंतर जास्तपण नको, आठवडा-दहा दिवस झाले की तिकिटं एकगठ्ठा उचलून ब्लॅक करणाऱ्यांना मोकळं रान मिळतं.

सगळी तिकिटं एकदम सोडू नका. निम्मी पहिल्या दिवशी, दोन्ही संघांच्या तालमीत, म्हणजे त्यांच्या मंडळात, सारखी वाटून, बाकीची दोन दिवसांनी, आणि थोडी मॅचच्या सकाळपर्यंत हातात ठेवा, कारण खेळाडूंच्या घरची माणसं शेवटच्या क्षणी येतात आणि त्यांना नाही म्हणवत नाही. बायकांच्या गॅलरीची वेगळी काढा.

तारीख निवडताना पगार बघा. उद्यमनगर, एमआयडीसीतल्या पोरांच्या हातात पैसे सात ते दहा तारखेला येतात, महिनाअखेरीला विक्री उघडली तर काउंटर ओस. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीचे पेपर असतात, तेव्हा पेपरच्या आदल्या दिवशी मॅच ठेवलीच तर पोरं येणार नाहीत किंवा आली तर घरी वाद. चैत्र पौर्णिमेच्या आसपास तर तारीखच घेऊ नका, जोतिबाच्या यात्रेला सगळा बंदोबस्त डोंगरावर असतो.

काउंटरची वेळ संध्याकाळी सहा ते नऊ ठेवा, कामावरून सुटलेला माणूस तेव्हाच येतो. यूपीआयचे पैसे मंडळाच्याच खात्यावर घ्या, कुणाच्या वैयक्तिक नंबरवर नको. आणि मॅच पुढं गेली तर हेच तिकीट चालेल का पैसे परत मिळतील, ते तिकिटाच्या मागं मोठ्या अक्षरात छापा.