ग्वेलिन ते ग्वेयांग : दक्षिण चीनच्या खेड्यांतून मोटारप्रवास कसा आखावा

दक्षिण चीनचा ग्रामीण भाग पाहण्यासाठी ग्वांग्शी प्रदेशातील ग्वेलिनहून निघून लोंगजी, सानजियांग, झाओशिंग आणि काइली या मार्गाने ग्वेयांगला पोहोचावे. चीन आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मानत नाही. तात्पुरता चिनी परवाना मिळू शकतो, परंतु अल्प मुक्कामासाठी तो खटाटोप करण्यापेक्षा चालकासह गाडी ठरवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. वाहतूक उजव्या बाजूने चालते, तेव्हा आपल्या सवयीच्या हातांना घाटात ती परीक्षा नकोच.

हंगाम निवडताना लोंगजीची भातखाचरे डोळ्यांसमोर ठेवावीत. मे-जूनमध्ये ती पाण्याने भरलेली असतात, मात्र पाऊसही तेव्हाच जोरात असतो. सप्टेंबरअखेरीस पीक पिवळे होते. १ ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा कटाक्षाने टाळावा, कारण त्या काळात लहान गाड्यांना द्रुतगती मार्गांवर टोल माफ असतो आणि सारा देश रस्त्यावर उतरतो. लोंगजीच्या वरच्या वाड्यांपर्यंत गाडी जात नाही, म्हणून मोठे सामान खाली ठेवून एका रात्रीपुरती पाठपिशवी घ्यावी.

खरा प्रश्न रस्त्याचा आहे. द्रुतगती मार्ग बोगद्यांतून आणि उंच पुलांवरून जातो, वेळ पुष्कळ वाचवतो, पण खेडी दाखवत नाही. म्हणून लांबचे टप्पे त्या मार्गाने कापावेत आणि सानजियांगपासून पुढे, डोंग या अल्पसंख्याक समाजाच्या मुलखात, नदीकाठचा जुना रस्ता धरण्यास चालकाला आधीच सांगून ठेवावे. अन्यथा तो स्वाभाविकपणे जलद मार्गच घेईल. सानजियांगजवळच्या चेंगयांगचा १९१२ ते १९२४ या काळात उभारलेला छपराचा लाकडी पूल आणि झाओशिंगमधील पाच ढोल-मनोरे (गावकरी जमण्याच्या जागेचे लाकडी मनोरे) सकाळी लवकर पाहावेत. डोंगरातले रस्ते अंधारात टाळावेत.

गूगलच्या नकाशावर तेथे विसंबू नये. आमॅप हे स्थानिक ॲप वापरावे आणि गावांची नावे चिनी लिपीत जतन करावीत. अलीपे या पैसे देण्याच्या चिनी ॲपला कार्ड घरूनच जोडावे, कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करून घ्यावेत आणि आठवडी बाजारासाठी थोडी रोकड बाळगावी. पारपत्र मात्र सतत जवळ हवे, कारण मुक्कामाची नोंद पोलिसांकडे होते.

शाकाहारी मंडळींनी विशेष सावध राहावे. भाजीसुद्धा बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परतलेली असते, त्यामुळे ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. चरबी, अंडी, मासे यांचा स्वतंत्र उल्लेख असलेली चिनी चिठ्ठी दाखवावी. मासे खाणाऱ्यांनी काइलीचे आंबट रश्श्यातले मासे चुकवू नयेत.

गाडी ग्वेयांगला सोडणार असल्यास चालकाच्या परतीचा खर्च, टोल आणि त्याचा मुक्काम कोणाकडे, हे निघण्यापूर्वी लेखी ठरवावे.