गोष्टीतले संवाद आणि अवतरणचिन्हं: मुलांना शिकवताना या चुका टाळा

तिसरी ते सहावीच्या मुलांकडून मी गोष्टी लिहून घेते. मुलं संवाद फार गोड लिहितात, पण चिन्हं द्यायची वेळ आली की गडबड होते, आणि वह्या बघून बघून माझं पक्कं मत झालंय की निम्मी गडबड आपण मोठी माणसं शिकवताना घालतो.

पहिली चूक म्हणजे व्याख्येपासून सुरुवात. “बोलणाऱ्याच्या तोंडचे शब्द दुहेरी अवतरणचिन्हात लिहावेत” हे मूल घडाघडा म्हणून दाखवतं आणि खाली लिहितं, “राजू म्हणाला मी येतो”. म्हणजे ‘राजू म्हणाला’ पण चिन्हाच्या आतच! त्यापेक्षा चिऊकाऊची गोष्ट घ्या, एकाला चिऊ करा, एकाला काऊ, तिसरा गोष्ट सांगणारा, आणि मोठ्याने वाचायला लावा. काऊच्या तोंडून जे बाहेर पडलं ते निळ्या पेनने, चिऊचं लाल पेनने, आणि ज्याला रंग आला तेवढंच चिन्हाच्या आत. माझ्याकडच्या बहुतेक मुलांना हे एका बैठकीत कळतं.

खरी अडचण ‘की’ची आहे, आणि ही अडचण मराठीचीच आहे म्हणून इथे मुलांवर चिडू नका. इंग्रजीत दुसऱ्याचं बोलणं सांगताना ‘मी’चा ‘तो’ होतो, पण आपण सरळ म्हणतो, राजू म्हणाला की मी उद्या येणार नाही. यातला ‘मी’ राजूच आहे. मग मुलाला वाटतं हे तर राजूच्याच तोंडचे शब्द, आणि ते लिहितं: राजू म्हणाला की, “मी उद्या येणार नाही.” छापील मजकुरातसुद्धा असं सर्रास दिसतं, त्यामुळे ही घोडचूक वगैरे म्हणू नका, पण शिकताना मी मुलांना सांगते की दोघांपैकी एकच घे, एकतर ‘की’ नाहीतर अवतरणचिन्ह. आणि कुठे काय घ्यायचं हे कानाने ठरवायचं. “ए आई, बघ ना गं!” हे ‘की’ लावून म्हणून बघा, जमतच नाही. जिथे हाक आहे, हट्ट आहे, ‘अय्या’ आहे, तिथे ‘की’ काढून टाक आणि पात्राला स्वतः बोलू दे.

स्वल्पविरामाचं म्हणाल तर, “मी येतो,” राजू म्हणाला. इथे बोलणं संपलं पण वाक्य संपलं नाही, म्हणून आत स्वल्पविराम. आत प्रश्नचिन्ह किंवा उद्गारचिन्ह आलं की तो लागत नाही: “दार उघडतेस का?” काऊने विचारलं. मुलं तिथे ?, असं दोन्ही देतात, एक खोडायला सांगा, बस.

हाकेनंतरचा स्वल्पविराम मात्र मला फार महत्त्वाचा वाटतो. फळ्यावर दोन वाक्यं लिहा. “आजी आली बघ.” आणि “आजी, आली बघ.” पहिल्यात आजी आलीये, दुसऱ्यात आजीला सांगतोय की दुसरीच कोणीतरी आली! मुलं खूश होतात आणि मग स्वतःच अशा जोड्या शोधत बसतात.

बोलणारा बदलला की नवीन ओळ. हे मुलं करत नाहीत कारण आपणच “वही वाया घालवू नकोस” म्हणून ओरडलेलो असतो. गोष्टीच्या वहीत मोकळी जागा राहू दे ना.

अजून एक, संवादातलं “असं केलं” खोडून “असे केले” करायला लावू नका. शुद्धलेखनाच्या नियमांतच पात्राच्या तोंडी बोलण्यातली अनुस्वाराची रूपं चालतात. ते खोडलं तर चिऊ पुस्तकासारखी बोलायला लागते. मनातले विचार एकेरी चिन्हात (राजूला वाटलं, ‘आता काय करू?’) हे थोडं उशिरा शिकवा, दोन्ही एकदम सांगितलं तर मुलं पात्रांच्या नावांनापण चिन्हं लावत सुटतात.

आणि घाई नको. मराठीच्या जुन्या पोथ्यांत, मोडी कागदांत ही चिन्हं नव्हतीच, 19व्या शतकात मेजर कँडी या मराठीच्या इंग्रज अभ्यासकाच्या काळात ती आपल्याकडे रुळायला लागली. त्याआधी कोण बोलतंय हे ‘म्हणे’, ‘म्हणाला’ अशा शब्दांवरूनच कळायचं, आणि मूल पण आधी तसंच लिहितं. म्हणून एका गोष्टीत एकच चिन्ह तपासा. या आठवड्यात फक्त अवतरणचिन्ह, बाकी चुका दिसल्या तरी लाल पेन खाली ठेवा, आणि पुढच्या आठवड्यात तीच गोष्ट त्याच मुलाला मोठ्याने वाचायला देऊन स्वल्पविराम त्यालाच शोधू द्या.