ताप आज, चावा गेल्या महिन्यातला

हवेत ऊब आणि गवतात ओल असे दिवस आले की गोठ्यात गोचीड वाढते, हे सांगायला कृषी सल्ला लागत नाही. सांगायचे आहे ते वेगळेच. गोचिडीने सोडलेला जंतू लगेच आजार दाखवत नाही. गोचीडतापाने गाईने आज चारा सोडला तर तिला गोचीड चावली ती बहुधा १ ते ५ आठवड्यांपूर्वी. त्यामुळे ‘अंगावर एकही गोचीड नाही, मग गोचीडताप कसा?’ हा प्रश्न निरर्थक आहे. ती पोट भरून केव्हाच गळून पडलेली असते.

‘गोचीडताप’ या एका नावाखाली आपण तीन आजार कोंबतो. लघवी कॉफीसारखी लालसर झाली तर बहुधा बबेसिया. खांद्यापुढच्या किंवा कानामागच्या गाठी सुजल्या तर थायलेरिया. हे दोन्ही एकपेशीय परजीवी आहेत. तिसरा अ‍ॅनाप्लाझ्मोसिस. तो जिवाणूमुळे होतो आणि हा जिवाणू थेट रक्ताच्या लाल पेशीत शिरून राहतो. शरीर अशा पेशी एकामागून एक मोडीत काढते आणि जनावर आतून रिकामे होत जाते. डोळ्याची आतली बाजू आणि हिरड्या आधी पांढऱ्या पडतात, मग पिवळसर दिसतात. शेण घट्ट होते, दूध आटते, धाप लागते. लघवी मात्र लाल होत नाही, आणि इथेच बरेच जण फसतात.

तिन्हींची औषधे निराळी असल्यामुळे औषध देण्याआधी रक्ताची काचपट्टी करून घ्या. आधी इंजेक्शन आणि मग तपासणी असा उलटा क्रम झाला तर काचपट्टीवर काही सापडेलच असे नाही. अ‍ॅनाप्लाझ्मोसिसवर ऑक्सिटेट्रासायक्लिन चालते, पण मात्रा पशुवैद्यकानेच ठरवावी आणि त्याने सांगितलेले दिवस दूध डेअरीला घालू नये. रक्त कमी झालेल्या जनावराला दवाखान्यापर्यंत चालवत नेऊ नका, पकडण्यासाठी धावायला लावू नका. एवढ्या श्रमानेही ते कोसळू शकते. पशुवैद्यकालाच गोठ्यात बोलवा.

अ‍ॅनाप्लाझ्मोसिसमध्ये वासरे सहसा तरून जातात. दोन-तीन वर्षांवरची, भर दुधातली जनावरे दगावतात. बाहेरून नवीन आणलेल्या मोठ्या गाईला धोका जास्त तो त्यामुळेच. आजारातून उठलेले जनावर धडधाकट दिसते, पण त्याच्या रक्तात थोडे जंतू बहुधा जन्मभर राहतात.

आता सुईबद्दल, कारण या बाबतीत आपण फार ढिले आहोत. अ‍ॅनाप्लाझ्माला गोचीडच लागते असे नाही. गोमाशी एका जनावराचे रक्त पिता पिता हाकलली गेली आणि शेजारच्यावर बसली, की तोंडाला लागलेल्या ताज्या रक्ताबरोबर रोगही गेला. एकाच सुईने सगळ्या दावणीला लस टोचतो तेव्हा आपण हेच काम गोमाशीपेक्षा सफाईने करतो. प्रत्येक जनावराला नवी सुई वापरा. शिंगे काढण्याची, खच्चीकरणाची आणि कानात बिल्ला मारण्याची हत्यारे दर जनावरामागे धुऊन निर्जंतुक करा.

फवारणी करताना नजर फक्त जनावरावर असते. गुरांवरची नेहमीची निळसर गोचीड अंगावर सुमारे ३ आठवडे काढते, मग मादी गळून पडते, आडोशाला २,००० ते ३,००० अंडी घालते आणि मरते. म्हणजे पुढची फौज भिंतीच्या भेगांत, गव्हाणीखाली आणि कुरणात तयार होत असते. भेगा बुजवा, जुना कचरा काढा, गोठ्याच्या जमिनीवर आणि भिंतींवरही औषध मारा, आणि २ ते ३ आठवड्यांनी पुन्हा फवारा. औषध पातळ करून पुरवले तर कमकुवत गोचीड मरते आणि चिवट तेवढी वाचून वंश वाढवते. जनावराला आधी भरपूर पाणी पाजा म्हणजे ते अंग चाटणार नाही. कानाच्या आत, शेपटीच्या मुळाशी, कासेच्या मागे आणि जांघेत औषध पोचले पाहिजे. अमिट्राझ घोड्याला आणि परमेथ्रिन मांजराला घातक आहे. गुरांचे उरलेले औषध त्यांच्यावर ओतू नका.

राखणीच्या कुत्र्यालाही विसरू नका. त्याच्या तपकिरी गोचिडीतून एर्लिकिया या जिवाणूचा आजार होतो. हा जिवाणू रक्ताच्या पांढऱ्या पेशींत दडतो. कुत्रे मरगळते, अंगावर लाल ठिपके येतात, कधी नाकातून रक्त येते. उपचार सुमारे ४ आठवडे चालतो; दोन दिवसांत शेपूट हलवायला लागले म्हणून गोळ्या बंद करू नयेत.

शेळ्या-मेंढ्या गाभडत असतील तर क्यू फीव्हरची शंका घ्या. याचा जंतू गोचिडीत सापडतो, पण माणसाला तो मुख्यतः वार, गर्भजल आणि त्यांनी भिजलेल्या गोठ्याच्या धुळीतून, श्वासावाटे लागतो. नेदरलँड्समध्ये २००७ ते २०१० या काळात शेळ्यांच्या कळपांतून ४,००० हून अधिक माणसांना तो झाला. वार उघड्या हाताने उचलू नका, कुत्र्यांना खाऊ देऊ नका, खोल पुरा. गरोदर बाईने आणि हृदयाच्या झडपेचा आजार असलेल्याने अशा वेताच्या वेळी तिथे थांबू नये. दूध उकळूनच प्या.

शेवटी घरातल्या माणसांचा ताप. गवत कापणे, बांध साफ करणे, झुडपात बसणे या कामांत चिगर नावाच्या कोळ्याचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे पिल्लू चावते आणि ६ ते २१ दिवसांनी स्क्रब टायफस उभा राहतो. ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी, अंगदुखी. चावल्या जागी विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली असू शकते, पण दुखत नाही म्हणून कुणी बघत नाही. काख, जांघ, कमरपट्ट्याखाली आणि स्तनांखाली मुद्दाम शोधा. गोचिडीतून येणाऱ्या ठिपक्यांच्या तापात पुरळ तळहात-तळपायांवरही उठू शकते. हे जंतू पेशींच्या आत राहतात आणि पेनिसिलीनच्या जातीची औषधे त्यांच्यावर चालत नाहीत. डॉक्सिसायक्लिन वेळेत मिळाले तर स्क्रब टायफसचा ताप बहुधा २ दिवसांत उतरतो. उशीर झाला तर फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि मेंदूपर्यंत प्रकरण जाते.

अंगावर गोचीड दिसली तर रॉकेल, तेल, पेटती काडी असले काही नको. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, नखाने चिरडू नका, जागा साबणाने धुवा आणि तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढच्या ३ आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगा: गोचीड अमुक दिवशी काढली, अमुक ठिकाणी गवतात काम केले, गोठ्यात अमुक जनावर आजारी आहे.