जुन्या विलायती नाण्यांचा टंच घरीच कसा बघायचा

आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतनं इटलीत लढून परतले, ते पिशवीभर नाणी घेऊन. परवा ती पिशवी गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, नेली. दुकानदारानं सगळी नाणी तराजूत ओतली आणि ‘जुनी चांदी’ म्हणून एकच भाव सांगितला. पिशवी उचलून घरी आलो.

तर आधी साल वाचा. इंग्रजांचा हाफ क्राउन 1919 पर्यंत 925 टंचाचा, म्हणजे हजारात 925 भाग चांदी. 1920 पासून 500. 1947 पासून चांदीच नाही, नुसतं तांबं-निकेल. आणि वजन? तिन्हींचं 14.14 ग्रॅमच! म्हणजे तराजू इथं काही सांगत नाही, आणि 1919 च्या अन् 1920 च्या नाण्यात सहा ग्रॅम चांदीचा फरक. आपला रुपयाही 1940 पासून असाच 500 वर उतरला.

बाकीच्या विलायती नाण्यांचं थोडक्यात: इटलीचे 1926 पासूनचे चांदीचे पाच लिरा 835, पश्चिम जर्मनीचे पाच मार्क 1974 पर्यंत 625. स्वित्झर्लंडचे 1931 ते 1969 चे पाच फ्रँक 835, पण त्यातले 1968 चे बिनचांदीचे आणि 1969 चे पुन्हा चांदीचे. काय म्हणावं!

साल झिजलं असेल तर पाण्याचा हिशेब करा. 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. नाणं तोला. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा, आणि नाणं दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडवून धरा. तळाला, कडेला टेकू द्यायचं नाही. नाण्याच्या वजनाला आता दिसणाऱ्या आकड्यानं भागा. हाफ क्राउनचं उत्तर 10.3 च्या वर आलं तर 925, 9.7 च्या आसपास आलं तर 500, आणि नवाच्या खाली आलं की चांदी विसरा. दोऱ्याला चिकटलेला बुडबुडासुद्धा उत्तर बिघडवतो, म्हणून तीनदा करा.

टंच मशीनवर डोळे झाकून विसंबू नका. ते वरची कातडी वाचतं, आणि 500 च्या नाण्यांवर टांकसाळीतच चांदीचा थर वर आणलेला असायचा. कसोटीवर तर घासूच देऊ नका.

आणि धुवू नका. आमच्या आईनं दिवाळीत एक हाफ क्राउन भांड्यांबरोबर रांगोळीनं घासला. पाचव्या जॉर्जची दाढी गेली.