लघुरेल्वेच्या मांडणीवर गवत उभे करताना

लघुरेल्वेच्या, म्हणजे खेळण्याएवढ्या प्रतिकृती-रेल्वेच्या, देखाव्यात हिरवा भुसा पसरून केलेली हिरवळ जवळून पाहिली की गालिच्यासारखी सपाट दिसते, कारण खरे गवत उभे असते. ते तसे दिसावे यासाठी ‘स्टॅटिक ग्रास’ म्हणजे नायलॉनचे बारीक तंतू आणि त्यांना विद्युतभार देणारे, जाळीच्या तोंडाचे हातयंत्र लागते.

तंतूंची लांबी मोजमापावरून ठरवावी. एचओ मापात, म्हणजे 1:87 प्रमाणात, 2 मिलिमीटरचा तंतू सुमारे 17 सेंटिमीटर उंच गवत दाखवतो आणि 6 मिलिमीटरचा अर्ध्या मीटरहून किंचित अधिक. एन मापात (1:160) मात्र 2 मिलिमीटरचाच तंतू 32 सेंटिमीटरचा होतो. त्यामुळे एन मापात लांब तंतू फार जपून वापरावेत.

जमिनीला आधी मातीचा रंग द्यावा, हिरवा नव्हे, कारण विरळ गवतातून माती दिसलीच पाहिजे. भोर घाट उभा करायचा असेल, तर श्रावणातला की फाल्गुनातला हेही आधी ठरवावे. एकच हिरवा रंग दोन्हींपैकी कशालाच शोभत नाही. श्रावणासाठीही दोन-तीन हिरव्या छटांत चिमूटभर पिवळट तंतू मिसळावेत.

गाड्या उचलून ठेवाव्यात, रुळांना वीज देणाऱ्या नियंत्रकाच्या तारा सोडवाव्यात आणि रुळांवर मास्किंग टेप लावावी, कारण रुळांवर सांडलेला गोंद वाळला की तेथे वीजप्रवाह खंडित होतो. फेव्हिकॉलमध्ये थोडे पाणी घालून तो तळहाताएवढ्या भागातच लावावा. उन्हाळ्यात तो फार लवकर वाळतो. ओल्या गोंदात खिळा टोचून त्याला यंत्राची चिमटी जोडावी आणि यंत्रात तंतू भरून जाळी दोन-तीन सेंटिमीटर उंच धरून हलके हलवावी, म्हणजे ते गोंदात उभे रोवले जातात. जाळी खिळ्याला किंवा हाताला लागू देऊ नये. झटका सणसणीत बसतो. पावसाळ्यात दमट झालेल्या तंतूंच्या गुठळ्या होतात, म्हणून ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत.

गोंद पूर्ण वाळल्यावर व्हॅक्यूमच्या नळीला पातळ मोजा बांधून सुटे तंतू ओढून घ्यावेत. ते पुन्हा वापरता येतात. त्यानंतर काही ठिकाणीच फवाऱ्याचा गोंद मारून 4 ते 6 मिलिमीटरचे वाळक्या रंगाचे तंतू टाकावेत. हा दुसरा थर टाळण्याचा मोह होतो, पण खरी जान त्यानेच येते. खडीच्या कडेला गवत विरळ ठेवावे, रुळांखालच्या पाण्याच्या मोरीच्या तोंडाशी दाट करावे आणि पायवाटेवर ते टाकूच नये.