टेकडीवरचं गुलाबी झाड: गिरिपुष्प कसा ओळखायचा

फेब्रुवारी लागला की भाचीचा फोटो येतोच, "मावशी, वेताळ टेकडीवर चेरी ब्लॉसम!" चेरी कसली, तो गिरिपुष्प. नर्सरीवाले ग्लिरिसिडिया म्हणतात. मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा. आपल्याकडे शेतकरी हिरवळीच्या खतासाठी बांधावर लावतात, आणि पुण्याच्या टेकड्यांवर तर वनीकरणात तो भरमसाठ लावला गेला.

लांबून दिसणाऱ्या रंगावर जाऊ नका. झाडाखाली पडलेलं एक फूल उचला. ते वाटाण्याच्या फुलासारखं असतं: मागे एक मोठी उभी पाकळी, पुढे होडीसारख्या मिटलेल्या. मोठ्या पाकळीच्या बुडाशी फिकट पिवळा डाग शोधा. तो सापडला की निम्मं काम झालं. चेरीच्या फुलाला पाच सारख्या पाकळ्या, जॅकरांडाचं फूल जांभळं नि नळीसारखं. मग वर बघा. फांद्यांवर पानं जवळजवळ नाहीतच, नुसते फुलांचे तुरे.

खरी पंचाईत फुलं नसताना. दोन पावसाळे मी सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना हाच करंज म्हणून ठासून सांगत होते. कुणी खोडून काढलं नाही, कारण मी बँकेत तीस वर्षं काढलेली, आवाज मोठा! शेवटी एक माळीकाका म्हणाले, "ताई, पान उलटं करा की." करंजाचं पान चकचकीत, पर्णिका (म्हणजे एका देठावरची छोटी पानं) पाच-सात आणि चांगल्या रुंद. गिरिपुष्पाच्या पर्णिका सात ते सतरा, टोकाला एकच सुटी. पाठ फिकट, नि तिच्यावर बऱ्याचदा शाई शिंपडल्यासारखे जांभळट ठिपके. मी दोन वर्षं वरचीच बाजू बघत होते.

शेंग मिळाली तर वादच संपला. करंजाची आखूड, जाड, आत बहुधा एकच बी, आणि ती आपणहून उकलत नाही. याची चपटी, 10 ते 15 सेंटिमीटर. उन्हात वाळली की टक्कन फुटते आणि दोन्ही फाका पीळ घालून लोंबत राहतात. बी तोंडात घालू नका, पोरांच्या हातीही देऊ नका. बिया आणि साल उंदरांच्या विषासाठी वापरतात, म्हणून याला उंदीरमारी म्हणतात. ग्लिरिसिडिया या शास्त्रीय नावाचा अर्थही तोच.

राहिलं एक: लावलेला की आपसूक आलेला? चराच्या कडेने ओळीत, एका वयाची झाडं असतील तर लावलेली समजा. ओळ सोडून, दुसऱ्याच झाडाच्या बुंध्याशी अंगठ्याएवढं रोप दिसलं तर ते बहुधा फुटलेल्या शेंगेचं. आमच्या वाटेवर एका सालईला टेकून असं एक उभं आहे. पाऊस संपला की त्याचीही पानं उलटी करून बघणार आहे.