अ‍ॅपलॅचियात घरं दुरुस्त करायला जाणाऱ्या मुलांसाठी

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की ओळखीच्या मराठी घरांतून विचारणा सुरू होते. "मैत्रिणीच्या चर्चचा गट केंटकीला घरं दुरुस्त करायला चाललाय, आमची पण जाते म्हणते. पाठवू का?" मी मूळची नगरची, ख्रिस्ती घरातली. आता ओहायोत राहते आणि इथल्या मेथडिस्ट (एक प्रोटेस्टंट पंथ) मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाबरोबर सोबतीची मोठी बाई म्हणून जात असते. मी प्रत्येकीला सांगते, जरूर पाठवा. फक्त जाण्याआधी मुलांना एक गोष्ट समजावून सांगा. त्या घराबद्दल सर्वांत जास्त माहिती तिथे राहणाऱ्या माणसाला असते, आणि आठवडाभराचं काम चांगलं व्हायचं असेल तर पहिल्या दिवशी हातोड्याआधी कान वापरावे लागतात.

हे काम नवीन नाही. टेक्स इव्हान्स नावाच्या मेथडिस्ट पाळकांनी १९६९ साली केंटकीतल्या बार्बरव्हिल परिसरात पन्नास मुलं आणि मोठी माणसं जमवून चार घरं दुरुस्त केली. त्यातून 'अ‍ॅपलॅचिया सर्व्हिस प्रोजेक्ट' उभा राहिला. केंटकी, टेनेसी, व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया या राज्यांतल्या डोंगराळ भागांत, म्हणजेच अ‍ॅपलॅचियात, आजही दर उन्हाळ्यात वेगवेगळ्या मंडळ्यांची मुलं त्याच्यामार्फत येतात. घर जास्त ऊबदार, सुरक्षित आणि कोरडं करायचं, एवढंच त्यांचं उद्दिष्ट. घरमालकाकडून पैसे घेत नाहीत. उलट येणारी मुलंच काहीशे डॉलर भरतात आणि त्यातून लाकूड, पत्रे, खिळे येतात. आमचा तरुण संघ त्यासाठी वर्षभर गाड्या धुतो, जेवणावळी घालतो.

तिथली गरिबी पाहून मुलं गोंधळतात, म्हणून थोडा इतिहास आधी सांगावा. हा कोळशाचा मुलूख. खाणकंपन्यांनी वस्त्या बांधल्या, घरं कंपनीची, दुकानही कंपनीचं. जमिनीवरचा हक्क शेतकऱ्याकडे आणि खालच्या खनिजाचा हक्क कंपनीकडे, असे कागद पूर्व केंटकीत पिढ्यान्‌पिढ्या चालले. यंत्रं आली, मग खाणी बंद पडत गेल्या, रोजगार गेला. १९६४ साली अध्यक्ष जॉन्सन यांनी गरिबीविरुद्धची लढाई जाहीर केली आणि त्याच वर्षी ते पूर्व केंटकीत इनेझजवळच्या एका घराच्या ओसरीवर येऊन बसले होते. जुलै २०२२ च्या अखेरीस याच भागात ओढ्यांना पूर येऊन चाळीसहून अधिक माणसं दगावली. एवढं ठाऊक असलं तर "हे लोक दुसरीकडे का जात नाहीत?" हा प्रश्न मुलं जरा जपून विचारतात. आजोबा-पणजोबांची थडगी मागच्या टेकडीवर असतात, शेजारी सख्खे चुलत असतात. आपल्या कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागणार नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे. या घरांमधलं बहुतेक नुकसान पाण्याने झालेलं असतं. दरी अरुंद, डोंगराचं पाणी थेट घराच्या पायाशी येतं. बरीच घरं म्हणजे जुने ट्रेलर, कारखान्यात बनवून ओढून आणलेली घरं, काही तर अशा घरांसाठीच्या १९७६ च्या केंद्रीय नियमावलीच्याही आधीचे. त्यांची जमीन भुश्श्याच्या दाबलेल्या फळीची असते. ती ओली झाली की फुगते आणि मग पायाखाली दबते. नवीन मुलाला न्हाणीघरातली मऊ झालेली जमीन दिसते आणि तो लगेच ती उखडायला धावतो. पण नवी फळी टाकून पुढच्या हिवाळ्यात तीही कुजणार असेल तर काय उपयोग? आधी पाणी कुठून येतं ते शोधायचं. संडासाच्या बुडाशी गळती आहे का? धुराड्याच्या कडेचा पत्रा सुटलाय का? पन्हळ तुंबून पागोळ्या भिंतीलाच लागून पडतात का? घराभोवतीच्या मातीचा उतार आतल्या बाजूला तर नाही ना? पहिल्या दहा फुटांत निदान सहा इंच उतार घरापासून बाहेर हवा. कित्येकदा दोन दिवस फावड्याने चर खणण्यातच जातात. मुलं हिरमुसतात, कारण चराचा फोटो छान येत नाही. मला मात्र तेच आठवड्यातलं सर्वांत मोलाचं काम वाटतं.

आणि पाण्याची वाट घरमालकाला माहीत असते. एका घरात आमच्या मुलांनी छतावर चढून गळतीची जागा शोधली, सापडेना. घरातल्या आजी ओसरीत बसल्या होत्या. एका मुलीने त्यांच्याशेजारी बसून विचारलं, तेव्हा म्हणाल्या, नुसत्या पावसात गळत नाही, पश्चिमेचा वारा असला तरच गळतं. म्हणजे छत ठीक होतं. पाणी खिडकीच्या वरच्या फटीतून भिंतीत शिरत होतं. ती खोली त्यांच्या यजमानांनी स्वतः बांधलेली, हेही तेव्हाच कळलं. मग मुलांनी जुनी चौकट तशीच ठेवून फक्त वरचा पत्रा बदलला. त्या मुलीने विचारलं नसतं तर आम्ही एका चांगल्या छताचे पत्रे काढून बसलो असतो. म्हणून माझा आग्रह असतो की रोज पाचजणांतल्या एकाने तरी काम बाजूला ठेवून घरच्यांशी बोलावं. त्याला कामचुकारपणा समजू नये. बोलताना 'मॅम', 'सर' म्हणावं. तिथे लहानांकडून ती अपेक्षा असते.

जमीन बदलायची वेळ आलीच तर कुजलेला भाग जिथे दिसतो तिथेच कापून थांबू नका. फळ्यांखालच्या पुढच्या धडधाकट तुळईच्या मध्यापर्यंत कापा, म्हणजे नव्या फळीला टेकू मिळेल. तुळया सहसा १६ इंचांवर असतात, पण जुन्या घरात प्रत्येक अंतर मोजूनच पाहा. तुळई अर्धी कुजली असेल तर तिला लगटून नवी तुळई जोडतात. फळीला खालून गोंद, वरून स्क्रू. घराखालच्या उघड्या मातीवर प्लास्टिकची जाड चादर पसरतात, नाहीतर ओल वर चढत राहते. लाकडाच्या वखारीत 'दोन बाय चार' म्हणून जे मिळतं ते प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असतं. हे पहिल्यांदा ऐकून प्रत्येक मूल चकित होतं, आणि हिशेब इथेच चुकतो. घरी महिनाभर आधी टेप, गुण्या आणि पाणसळ हाताळून घ्या. इंचाचा सोळावा भाग पटकन वाचता आला पाहिजे. मेट्रिकमध्ये वाढलेल्या आईबाबांनीही मुलांबरोबर बसावं. चाकाच्या खुर्चीसाठी उतरण बांधायची असेल तर एक इंच चढाला बारा इंच लांबी लागते. ओसरी तीस इंच उंच असेल तर तीस फूट उतरण. हे गणित मुलं कधीच विसरत नाहीत.

विजेच्या करवतीला कोणत्या वयाच्या मुलांनी हात लावायचा याचे संस्थेचे नियम असतात, ते न वाद घालता पाळा. शिडी लावताना चार फूट उंचीला एक फूट पाया भिंतीपासून बाहेर. भिंतीत काचतंतूंचं (फायबरग्लासचं) अस्तर बसवताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, मास्क, चष्मा. १९७८ च्या आधीच्या घराचा रंग खरवडायचा नाही, त्यात शिसं असू शकतं. घराखाली सरपटत जाण्याआधी टॉर्च मारून साप बघायचा. कॉपरहेड हे विषारी साप त्या भागात भरपूर. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं, संध्याकाळी अंगावर गोचीड तपासावी. मुक्काम एखाद्या शाळेत असतो, गादी आपली आपण न्यायची.

हिंदू घरांतून हमखास येणारा प्रश्न म्हणजे तिथे धर्मांतर करतात का. मी श्रद्धेने जाते, म्हणून स्पष्ट सांगते. रात्री प्रार्थना, गाणी, शास्त्रवाचन होतं. आमच्या गटात ज्याला प्रार्थना करायची नाही तो शांत बसतो, त्याला कुणी काही म्हणत नाही. तरीही पाठवण्याआधी त्या चर्चच्या युवक प्रमुखाला सरळ विचारा. सोबतच्या मोठ्यांची पार्श्वभूमी तपासली आहे का, मुलांबरोबर कायम दोन मोठी माणसं असतात का, हेही विचारा. चांगला गट या प्रश्नांनी नाराज होत नाही. मूल शाकाहारी असेल तर महिनाभर आधी कळवा. दुपारचं जेवण कामाच्या जागीच सँडविचवर भागवतात, त्यामुळे पीनट बटरची सवय असलेली बरी.

कॉलेजच्या अर्जासाठी मुलं पाठवणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. सेवेचे तास मिळतात, निबंधाला विषय मिळतो, ते सगळं ठीक. पण कुणाच्या कुजलेल्या न्हाणीघराचा फोटो त्यांना न विचारता कुठेही टाकायचा नाही. आपल्या घरी पाहुणा येऊन मोरीचे फोटो काढून गेला तर आपल्याला चालेल का?

बहुतेक घरं एका आठवड्यात पुरी होत नाहीत. रविवारी आलेला गट शुक्रवारी काम थांबवतो आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावची मुलं तेच काम हातात घेतात. म्हणून शेवटच्या दुपारी तासभर राखून ठेवा. हत्यारं पुसून मोजून ठेवा, उघडी भिंत ताडपत्रीने झाका आणि पुढच्यांसाठी चिठ्ठी लिहा. कोणती तुळई बदलली, कोणती उरली, मापं काय, पाणी कुठून येत होतं, आजींना दुपारी झोप लागते म्हणून दोन ते तीन ठोकाठोक नको. चिठ्ठी मुलांनीच लिहावी, आणि घरच्यांना वाचून दाखवून मगच तिथे ठेवावी. काही राहिलं असेल तर ते सांगतात.